पडलेलं बीपी आणि पळणारी पोरं

मणक्यात सुई टोचून औषध सोडलं, बाईला उताणं निजवलं, की पुढची दहा मिनिटं भूलतज्ज्ञाची नजर मॉनिटरवरच्या एका आकड्यावर खिळलेली असते. वरचं बीपी 120 होतं. ते 108 होतं, मग 94, मग 82. बाईचा चेहरा पांढराफटक पडतो. "मळमळ व्हायली," ती म्हणते. हिरव्या पडद्यापलीकडे सर्जनच्या हातात ब्लेड आलेलं असतं आणि पडद्याअलीकडे भूलतज्ज्ञाने सलाईनची कळ पूर्ण उघडलेली असते. टेबल थोडं डावीकडे कललेलं असतं, कारण पोटातल्या बाळाचा सगळा भार आईच्या मोठ्या शिरेवर येत असतो. मग ट्रेमधली, आधीच भरून ठेवलेली, चिकटपट्टीवर पेनाने नाव लिहिलेली सिरिंज उचलायची आणि तिच्यातलं एक-दोन मिली शिरेतून सोडायचं. मिनिटभराने मॉनिटर पुन्हा बीपी घेतो. 88. मग 102. बाईच्या ओठांवर रंग येतो. मळमळ थांबली का, असं विचारलं तर ती मान हलवते. थोड्या वेळाने पडद्यापलीकडून रडणं ऐकू येतं.

सिझर झालेल्या हजारो बायकांच्या बाबतीत हे असंच घडलेलं असतं, आणि बहुतेकींना त्याचा पत्ताही नसतो. घरी सांगायला त्यांच्याकडे असतं ते पाठीतल्या सुईचं दुखणं.

बीपी पडतं कशाने, हे समजलं की या लेखातलं पुढचं बरंच आपोआप समजतं. कमरेखालचा भाग बधिर करण्यासाठी दिलेलं औषध दुखण्याचा निरोप नेणाऱ्या नसा जशा बंद करतं, तशाच रक्तवाहिन्यांना आवळून धरणाऱ्या नसाही बंद करतं. पायांतल्या, पोटातल्या रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्त खालीच साचतं, हृदयाकडे परत येणारा ओघ आटतो. आई तरुण असते, ती निभावून नेईल. बाळाची गोष्ट वेगळी. गर्भाशयाकडे जाणारं रक्त आईच्या बीपीवरच अवलंबून असतं. म्हणून इथे मिनिटं मोजावी लागतात.

त्या सिरिंजमधलं औषध बहुतेक वेळा मेफेन्टरमाईन सल्फेट असतं. परदेशी पुस्तकांत आता फिनाइलेफ्रिनला पहिला मान आहे. सिझरच्या वेळी पडणाऱ्या बीपीवर जगभरातल्या भूलतज्ज्ञांनी मिळून 2018 साली जे एकमताचं निवेदन काढलं, त्यातही कौल त्याच्याच बाजूने गेला. आपल्याकडे मात्र मेफेन्टरमाईन ट्रेमधून हललेलं नाही. ते स्वस्त आहे, सगळीकडे मिळतं, फिनाइलेफ्रिनसारखे हृदयाचे ठोके मंदावत नाही, आणि दोन-तीन पिढ्यांचा हात त्याच्यावर बसलेला आहे. छोट्या गावातल्या नर्सिंग होममध्ये मदतीला दुसरा डॉक्टर नसतो. तिथे हात बसलेल्या औषधाची किंमत फार मोठी असते.

ही बाटली एकदा नीट बघण्यासारखी आहे. अंगठ्याएवढी काच, वर रबराचं बूच, त्यावर ॲल्युमिनियमची टोपी. आत 10 मिली, पाण्यासारखं नितळ. दर मिलीत 30 मिलिग्रॅम, म्हणजे एका बाटलीत 300. भूलतज्ज्ञ यातलं फक्त 1 मिली काढतो, त्यात सलाईन घालून 10 मिली करतो, आणि अशा पातळ केलेल्या औषधातलंही एकदोन मिलीच देतो. म्हणजे एका वेळी 3 ते 6 मिलिग्रॅम. हिशेब मांडला तर एका बाटलीत पन्नास ते शंभर डोस भरतात. हा हिशेब लक्षात असू द्या, कारण ही बाटली रुग्णालयाच्या दाराबाहेर पडली की तिथे ना सलाईन घालणारं कुणी असतं, ना मॉनिटर बघणारं.

संभाजीनगर जिल्ह्यातल्या फुलंब्रीसारख्या तालुक्याचा या औषधाशी संबंध दोन टोकांनी येतो. एक टोक वर सांगितलं. बाळंतीण अडली, बीपी वाढलं, बाळाचे ठोके कमी झाले, की 'घाटीला न्या'. जळगाव रस्त्याने चौक्याचा घाट उतरायचा, सावंगी मागे टाकायची आणि संभाजीनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या दारात उभं राहायचं. 1956 साली सुरू झालेल्या या कॉलेजला आणि रुग्णालयाला आख्खा मराठवाडा 'घाटी' म्हणूनच ओळखतो, आणि तिथे या औषधाचं काम रात्रंदिवस चालतं.

दुसरं टोक त्याच जळगाव रस्त्याच्या कडेला पहाटे दिसतं. अजून फटफटायचं असतं. ट्रकच्या उजेडात पाठमोरी पोरं पळताना दिसतात, काही पोरीही. अंगात भरती अकॅडमीचे टी-शर्ट, हातात मोबाइलचं स्टॉपवॉच. पळून घरी गेलं की कापूस वेचायचा, अद्रकीला पाणी द्यायचं, नाहीतर शहरातल्या कंपनीची बस धरायची. कोरडवाहू दोन-चार एकरांत दोन भावांचं भागत नाही. देवगिरी साखर कारखान्याचं धुराडं थंड पडून जमाना झाला. मग उरते ती भरती. पोलिस, एसआरपी, सैन्य, वनरक्षक. 'भरती पडली का?' हा इथल्या पारावरचा पावसाच्या खालोखालचा प्रश्न आहे.

त्या भरतीचं गणित सांगतो. 2024 मध्ये राज्यात पोलिसांच्या साडेसतरा हजारांच्या आसपास जागा निघाल्या आणि अर्ज आले साडेसतरा लाखांच्या वर. एका जागेला शंभर जण. आधी ग्राउंड, मग लेखी. ग्राउंड 50 गुणांचं. त्यात मुलांना 1600 मीटर धावण्याचे 20, शंभर मीटरचे 15, गोळाफेकीचे 15. 1600 मीटर 5 मिनिटं 10 सेकंदांत मारलं तर पैकीच्या पैकी. तिथून पुढे वीस-वीस सेकंदांचा टप्पा चुकला की दोन-दोन गुण कापले जातात. पोरांना ही पट्टी तोंडपाठ असते. बापाच्या सातबाऱ्यावरचा आकडा एखाद्याला आठवणार नाही, पण आपलं टायमिंग तो झोपेतही सांगेल.

इथेच कुणीतरी कानाशी लागतं. शहरातल्या जिममध्ये जाणारा चुलतभाऊ, अकॅडमीतला जुना पोरगा, किंवा मोबाइलवर आलेला एखादा व्हिडिओ. एक इंजेक्शन आहे, डोपिंगचं नाही, साधं दवाखान्यातलं आहे, बीपीचं आहे. मारलं की दमच लागत नाही.

राज्यभरातून येणाऱ्या बातम्या बघितल्या तर हे कानाशी लागणं किती पसरलंय ते कळतं. पुणे, पिंपरी-चिंचवड, सांगली, कोल्हापूर या भागांत पोलिसांनी आणि अन्न व औषध प्रशासनाने मेफेन्टरमाईनच्या बाटल्यांचे साठे वारंवार पकडले आहेत. ऑनलाइन मागवलेले, कुरिअरने आलेले, घरातून किंवा दुचाकीच्या डिकीतून विकले जाणारे. गिऱ्हाईक कोण? तर जिममधली पोरं, नशा करणारी पोरं आणि भरतीची तयारी करणारी पोरं. 2023 च्या सुरुवातीला भरती चालू असताना उमेदवारांकडे इंजेक्शनं आणि सिरिंज सापडल्याच्या बातम्या आल्या. त्यांत रायगडचं नाव होतं, आणि आपल्या मराठवाड्यातल्या नांदेडचंही.

बातम्यांत एक घोळ नेहमी दिसतो. मेफेन्टरमाईन आणि मेफेड्रोन ही दोन नावं एकमेकांत मिसळून छापली जातात. मेफेड्रोन म्हणजे एमडी. ती पावडर, तिचा दवाखान्याशी काडीचा संबंध नाही, ती चोरून कारखान्यात बनते. आपल्या जिल्ह्याने तिचं दर्शन घेतलेलं आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने संभाजीनगर आणि पैठण एमआयडीसीत छापे घालून कोकेन, मेफेड्रोन आणि केटामाईन पकडलं, अडीचशे कोटींच्या वर किंमत लावली गेली, आणि पैठणीसाठी प्रसिद्ध असलेलं गाव आठवडाभर वेगळ्याच कारणाने टीव्हीवर झळकलं. मेफेन्टरमाईनची जात निराळी. ते परवाना घेतलेल्या कंपनीत बनतं, बिलावर विकलं जातं, ऑपरेशन थिएटरच्या कपाटात राजरोस असतं. म्हणूनच ते जास्त फसवं आहे. 'औषधच आहे ना' म्हटलं की आईसुद्धा गप्प बसते.

याचं कूळ मात्र बघावं लागेल. एफिड्रा नावाच्या झुडपातून जपानी रसायनशास्त्रज्ञ नागाई नागायोशी यांनी 1885 साली एफिड्रिन वेगळं काढलं. दोनच वर्षांनी, 1887 मध्ये, बर्लिनमध्ये शिकणाऱ्या लाझार एडेलेआनु या रोमानियन तरुणाने ॲम्फेटामाईन बनवलं. त्याचा उपयोग काय हे त्याला ठाऊक नव्हतं. 1930 च्या दशकात अमेरिकेत सर्दीने चोंदलेलं नाक मोकळं करायला ॲम्फेटामाईनच्या नळ्या निघाल्या, बेन्झेड्रिन इन्हेलर. लोकांनी त्या फोडून आतली औषधात भिजवलेली घडी कॉफीत बुडवून प्यायला सुरुवात केली. मग जरा सौम्य भावंड शोधावं म्हणून जे रेणू पुढे आले, त्यांतला एक मेफेन्टरमाईन. तोही आधी नाकात ओढायच्या नळीतच विकला गेला, वायामिन या नावाने. आणि त्याचंही तेच झालं. 1970 साली अमेरिकेतल्या मनोविकारशास्त्राच्या एका मान्यवर नियतकालिकात या नळीचा गैरवापर करून भ्रमिष्ट झालेल्या रुग्णांवर लेख आला. म्हणजे आज आपल्याकडे जे 'नवीन फॅड' म्हणून छापून येतं, ते पन्नास वर्षांपूर्वीच डॉक्टरांच्या कागदावर नोंदलेलं होतं. तिकडे हे औषध बाजारातून गेलं. इकडे ऑपरेशन थिएटरच्या ट्रेमध्ये राहिलं.

कुळाचा आणखी एक धागा. शरीरात गेल्यावर मेफेन्टरमाईनचा काही भाग यकृतात फेन्टरमाईनमध्ये बदलतो. फेन्टरमाईन हे भूक मारणारं, वजन कमी करायचं औषध. ते मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या पदार्थांच्या 1971 च्या आंतरराष्ट्रीय करारात आहे आणि आपल्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्याच्या यादीतही आहे. ज्यातून ते शरीरात तयार होतं, ते मेफेन्टरमाईन मात्र त्या यादीत नाही.

उत्तेजक म्हटलं की नाक मुरडायचं, असं माझं म्हणणं नाही. वैद्यकाला या घराण्याचा फार उपयोग झालाय. दिवस भरायच्या आत जन्मलेलं, तळहाताएवढं बाळ श्वास घ्यायचाच विसरतं. नवजात अतिदक्षता विभागात त्याला कॅफीन देतात, होय, चहातलंच कॅफीन, थेंबाथेंबाने मोजून. कॅनडाच्या पुढाकाराने अनेक देशांत झालेल्या चाचणीत 2006 बाळं घेतली होती, आणि कॅफीन मिळालेल्या बाळांची फुप्फुसंही बरी राहिली आणि पुढची वाढही. अतिचंचल मुलांना मिथाइलफेनिडेट देतात. ते ॲम्फेटामाईनच्या गोतावळ्यातलंच, आणि ते घेतल्यावर पोरगं पहिल्यांदा तासभर एका जागी बसून गणित सोडवतं. औषध तेच, पण कमी पडलेल्या ठिकाणी पडलं म्हणून उपयोगी पडलं. सिझरच्या टेबलावरही तसंच आहे. तिथे मेफेन्टरमाईन 82 वर आलेलं बीपी 110 ला नेतं. पळणाऱ्या पोराचं बीपी पडलेलंच नसतं. पळताना ते आधीच चढलेलं असतं, हृदय मिनिटाला 170-180 ठोके मारत असतं. त्याच्या शरीरात या औषधाला दुरुस्त करायला काहीच नाही. ते जे काही करेल ते वरकडच.

ते काम कसं करतं? आपल्या नसांच्या टोकांशी नॉरॲड्रेनॅलिनचा साठा असतो. संकट आलं की शरीर तो थोडा थोडा सोडतं. मेफेन्टरमाईन स्वतः फार काही करत नाही, ते हा साठा बाहेर ढकलतं. हृदय जोराने आकसतं, बीपी चढतं. शिरेतून दिलं तर अर्धा तास, स्नायूत दिलं तर तासभर ते दोन तास, कधी त्याहून जास्त. पण साठा म्हणजे गच्चीवरची टाकी. कॉक कितीही फिरवला तरी टाकीत असेल तेवढंच पाणी येणार, आणि ती भरायला वेळ लागतो. म्हणून दुसऱ्या डोसाला पहिल्याइतका जोर नसतो, तिसऱ्याला त्याहून कमी. भूलतज्ज्ञाला हे माहीत असतं. दोन-तीनदा देऊनही बीपी हललं नाही तर तो दुसरं औषध उचलतो. जिममधल्या पोराला हे माहीत नसतं. तो डोस वाढवतो. 300 मिलिग्रॅमची बाटली हातात असते, भरायला कुणी अडवत नाही.

मेंदूपर्यंतही ते पोचतं. टेबलावरच्या 3-6 मिलिग्रॅममध्ये ते जाणवत नाही. मोठ्या डोसात जाणवतं. तरतरी, झोप उडणं, आपल्याला कुणी हरवू शकत नाही असं वाटणं. सुरुवातीला याच गोष्टीचं गिऱ्हाईक असतं. भारतातल्या मनोविकारतज्ज्ञांनी गेल्या काही वर्षांत जे रुग्ण नोंदवले आहेत, त्यांत बरेचसे विशी-पंचविशीतले, व्यायाम करणारे. गोष्ट साधारण सारखीच असते. आधी व्यायामापुरतं, मग रोज, मग दिवसातून अनेकदा. मग झोप नाही. मग संशय: शेजारी माझ्यावर पाळत ठेवतात, जेवणात काहीतरी कालवलंय. कानात आवाज. बंद केलं की गळून जाणं, दिवसभर झोपणं, काहीच करावंसं न वाटणं. घरच्यांना वाटतं बाहेरचं लागलं. आपल्याकडे तिथून घाटीच्या मनोविकार विभागापर्यंतचा रस्ता फुलंब्री ते संभाजीनगरपेक्षा बराच लांबचा असतो. मधे दोन-तीन दर्गे, एखादा भगत आणि हजारोंचा खर्च लागतो.

आणि हृदय. छातीत धडधड, डोकं फुटेल असं दुखणं, ठोक्यांची लय बिघडणं. रोज घेणाऱ्यांत हृदयाचा स्नायूच सैल, कमजोर पडल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे ज्या हृदयाला जोर यावा म्हणून सुई घेतली त्याचाच जोर जातो. पंचवीस वर्षांच्या पोराला जिना चढताना धाप लागते आणि एकोवर हृदय म्हाताऱ्याचं दिसतं. एकच बाटली चौघांत वापरली, एकच सुई फिरली, की कावीळ बी, कावीळ सी आणि एचआयव्ही यांना दार उघडं. दंडात, मांडीत पू झालेली गाठ तर अगदी नेहमीची.

स्नायू वाढतात का? नाही. हे स्टेरॉईड नाही, याने एक ग्रॅम मांस चढत नाही. आरशासमोर दंडावरच्या शिरा तटतटून दिसतात आणि दोन सेट जास्त मारले जातात, बस्स. तिथेच सगळी जाहिरात आहे.

मग धावायला तरी उपयोग होतो का? याचं खरं उत्तर द्यायला हवं, कारण 'काही उपयोग नाही' असं सांगणाऱ्या मोठ्या माणसांवर पोरांचा विश्वास बसत नाही. मेफेन्टरमाईनच्या थोरल्या भावंडावर, ॲम्फेटामाईनवर, 1959 साली जीन स्मिथ आणि हेन्री बीचर यांनी अमेरिकेत प्रयोग केले. गंमत म्हणजे बीचर हे हार्वर्डचे भूलशास्त्राचे प्राध्यापक. धावणाऱ्यांच्या वेळेत फरक पडला, तो दीड टक्क्याच्या आसपास. आता आपल्या पोराचं गणित घाला. तो 1600 मीटर 5 मिनिटं 30 सेकंदांत मारतो, म्हणजे 330 सेकंद. त्याचे दीड टक्का म्हणजे पाच सेकंद. टप्पा वीस सेकंदांचा. जो टप्प्याच्या अगदी काठावर आहे त्यालाच दोन गुण मिळाले तर मिळतील, बाकीच्यांना शून्य. पाच सेकंद तर चार महिने उताराच्या जागी चढावर पळून, पोटात दोन अंडी आणि मूठभर शेंगदाणे नियमित जाऊनही कमी होतात. अंडी आणि शेंगदाणे नियमित मिळणं हाच खरा प्रश्न आहे, हेही कबूल. जिल्हा-तालुक्याच्या वाटेवर जागोजागी अकॅडम्या निघाल्या, फी घेतात, पण किती जण पोरांचं हिमोग्लोबिन तपासून घेतात?

उत्तेजकाचा सगळ्यात मोठा धोका याच पाच सेकंदांत दडलेला आहे. थकवा हा शत्रू नाही, ती सूचना असते. अंग तापलंय, पाणी संपत आलंय, आता थांब. उत्तेजक ती सूचना दाबतं, अंगातली उष्णता कमी करत नाही. 13 जुलै 1967 रोजी टूर द फ्रान्समध्ये मॉन्ट वान्टूचा उघडाबोडका डोंगर चढताना ब्रिटिश सायकलपटू टॉम सिम्पसन कोसळला आणि गेला. वय 29. प्रचंड ऊन, पोटात पाणी कमी, रक्तात ॲम्फेटामाईन आणि दारू. जर्सीच्या खिशात गोळ्या सापडल्या. पुढच्याच वर्षी ऑलिंपिकमध्ये उत्तेजक तपासणी सुरू झाली. आपल्याकडे भरतीची तारीख कधी मे-जूनच्या उन्हात येते, कधी पाऊस पडून दमट झालेल्या मैदानावर. रात्रभर एसटीत बसून, स्टँडवर झोपून, वडापाव खाऊन आलेलं पोरगं पळतं. त्यात रक्तात हे असेल तर शरीराने दिलेला शेवटचा इशारा त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे वाडाच्या, यादीत मेफेन्टरमाईन नावानिशी आहे, स्पर्धेच्या काळात पूर्ण बंदी असलेल्या उत्तेजकांत. आपल्या खेळाडूंच्या नमुन्यांत ते वारंवार सापडतं. 2023 मध्ये भारतात 5,606 नमुने तपासले गेले आणि 213 दोषी निघाले. एवढ्या मोठ्या संख्येने तपासणी करणाऱ्या देशांत हे प्रमाण सगळ्यात वाईट होतं. सापडणाऱ्यांना शिक्षा होते, बातमी होते. पण जत्रेतल्या मॅरेथॉनमध्ये पाच हजारांच्या बक्षिसासाठी पळणाऱ्याची लघवी कोण तपासणार?

कायद्याचं घोडं कुठे अडतं ते आता बघू. मेफेन्टरमाईन हे 1945 च्या औषध नियमांतल्या अनुसूची 'एच'मधलं औषध. चिठ्ठीशिवाय विकायचं नाही. एनडीपीएसमध्ये ते नसल्याने साठा पकडला तरी पोलिसांना अमली पदार्थाची कडक कलमं लावता येत नाहीत. मग जीव धोक्यात घालण्याची, विषारी पदार्थाने इजा करण्याची कलमं लावायची, अन्न व औषध प्रशासनाच्या निरीक्षकाला बोलवायचं, आणि आरोपी जामिनावर सुटताना बघायचं. महाराष्ट्राने हा सिनेमा आधी पाहिलाय. एमडी 2015 च्या फेब्रुवारीत एनडीपीएसच्या यादीत आली. त्याआधी मुंबईत तिचा सुळसुळाट झाला होता आणि पोलिसांचे हात बांधलेले होते.

म्हणून आता मागणी होते की हेही एनडीपीएसमध्ये टाका. मला ही मागणी घाईची वाटते. कारण मॉर्फिनचं काय झालं ते आठवतं. 1985 मध्ये एनडीपीएस कायदा आला आणि कॅन्सरच्या रुग्णांना लागणारं मॉर्फिन देशातून जवळजवळ नाहीसं झालं. 1997 पर्यंत वापर 97 टक्क्यांनी घटून वर्षाला 18 किलोवर आला, एवढ्या मोठ्या देशात. नशा करणाऱ्यांना मिळायचं ते मिळतच राहिलं, विव्हळत मेले ते रुग्ण. कायदा सुधारायला 2014 साल उजाडलं. मेफेन्टरमाईनवर तशीच परवान्यांची भिंत घातली, तर पुण्या-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांना फरक पडणार नाही. तालुक्याच्या नर्सिंग होममधल्या ट्रेतून ते गायब होईल, आणि 82 वर आलेल्या बीपीसमोर एकटा डॉक्टर उभा असेल.

मधला रस्ता आहे. अनुसूची 'एच-1' याचसाठी 2014 पासून लागू आहे: विक्रीची वेगळी वही, डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव, तीन वर्षं जपून ठेवायची. शिवाय हे औषध असं की ते कुणालाही घरी नेऊन घ्यायला कधीच लागत नाही. ते लागतं ऑपरेशन थिएटरला आणि अतिदक्षता विभागाला. मग गल्लीतल्या मेडिकलच्या काउंटरवरून आणि मोबाइलच्या ॲपवरून ते सुट्या गिऱ्हाइकाला विकायचंच कशाला? घाऊक दुकानातून थेट रुग्णालयाच्या नावावर, बाटल्या मोजून. चोरवाटा तरीही राहतील. थिएटरच्या कपाटातून अर्धी उरलेली बाटली खिशात घालणारा एखादा हात कुठेही सापडेल. पण आत्ता जो हमरस्ता उघडा आहे, तो तरी बंद होईल.

ज्यांच्या घरात हे शिरलंय त्यांच्यासाठी काही ओळखीच्या खुणा. वजन झरझर उतरणं, भूक मेलेली, रात्रभर जाग आणि एखाद्या दिवशी सलग झोप, लहानसहान गोष्टीवर खेकसणं, उन्हाळ्यातही फुल बाह्या, गादीखाली इन्सुलिनसारख्या बारीक सिरिंज. यांतली एकच खूण दिसली म्हणून पोराची झडती घेऊ नका, परीक्षेच्या काळात झोप कुणाचीही उडते. चार-पाच एकत्र दिसल्या तर भगताचे पैसे वाचवून सरळ घाटीची ओपीडी गाठावी. हे सोडवायला वेगळं असं औषध नाही, पण झोप, संशय, उदासी यांवर उपचार आहेत, आणि विशीतला मेंदू सावरतो. व्यसनाच्या सल्ल्यासाठी केंद्र सरकारची 14446 ही फुकट हेल्पलाइन आहे.

आणि एक गोष्ट थेट ऑपरेशन थिएटरमधली, जी भूलतज्ज्ञ आपसांत बोलतात पण बाहेर फारशी पोचलेली नाही. असं इंजेक्शन नेहमी घेणाऱ्या पोराचा जळगाव रस्त्यावर अपघात झाला, मांडीचं हाड मोडलं, घाटीत टेबलावर घेतलं, पाठीत सुई दिली आणि बीपी पडलं, तर नेहमीच्या सिरिंजमधलं मेफेन्टरमाईन त्याच्यावर चालेलच असं नाही. त्याच्या नसांतला साठा त्याने स्वतःच आधी संपवलेला असतो. औषध ढकलायला जातं, पण ढकलायला आत काही उरलेलं नसतं. अशा वेळी साठ्यावर अवलंबून नसलेलं, थेट रक्तवाहिनीवर काम करणारं फिनाइलेफ्रिन किंवा नॉरॲड्रेनॅलिन लागतं, आणि ते आधीच भरून ठेवलेलं असलं तर दोन मिनिटं वाचतात. भूल देण्याआधी डॉक्टर विचारतात, काही औषध चालू आहे का, काही नशा वगैरे? शेजारी बाप उभा असतो, पोरगं 'नाही' म्हणतं. जाणकार भूलतज्ज्ञ तेव्हा बापाला औषधं आणायला बाहेर पाठवतात आणि तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारतात.